फळीखालची नावं

सन दोन हजार पंचवीस, आणि मी एक्क्याऐंशी वर्षांचा. रविवार होता. जबलपुरात, मदन महलला आमच्या घरासमोर अंगणात एक लाकडी बाक आहे. तो मी ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता, कारण रविवारी सकाळी दिगंबर मास्तर यायचे. नऊला यायचे, चहा प्यायचे, पेपरातल्या दोन-चार बातम्या मला वाचून दाखवायचे आणि साडेदहाला उठायचे. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. नलूने, म्हणजे माझ्या बायकोने, तीन कपांचं पाणी चढवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांची मुलगी मीनल होती. ती मराठी बोलते, पण घाबरली की हिंदीत जाते. "काका, बाबा नहीं रहे," म्हणाली. "सुबह चाय मांगी, आणि मी घेऊन येईपर्यंत..." मी "अच्छा" म्हटलं. एवढंच. फोन ठेवून बाहेर आलो आणि त्या पुसलेल्या बाकाकडे पाहत उभा राहिलो. आतून नलू विचारून राहिली, "काहून गप्प झाले? कोणाचा फोन?" त्या वेळी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते सांगून टाकतो. दुःख मागाहून आलं. आधी आलं ते हे, की आता मास्तरांना खरं सांगायची गरज उरली नाही... सुटलो.

अशा माणसाने मास्तरांवर लेख लिहावा की नाही, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. मी चौथी शिकलेला. फॅक्टरीच्या सुतारखात्यात जन्म काढला. सही सोडून लिहायचं काम कधी पडलं नाही, आणि पडलं तेव्हा मी म्हणायचो, माझं लिहिणं लाकडावर. फार ऐट होती या वाक्याची. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. अंगाने काटकुळे, आवाज इतका बारीक की वर्गातली मागची पोरं पुढे येऊन बसत. त्यांना एक नाद होता. शाळेतल्या पोरांची चित्रं पाकिटात घालून ते दूरदेशीच्या शाळांना पाठवत आणि तिकडच्या पोरांची मागवत. पोस्टमन त्यांना हसायचा. तिकडून बर्फाची, बोटींची, लाल छपरांची चित्रं यायची आणि इकडून नर्मदेचा घाट, भेडाघाटचा धबधबा, बैलपोळा जायचा. एक दिवस पाकिटात चित्राच्या जागी पत्र आलं. बल्गेरिया देशातल्या एका नाच शिकवणाऱ्या बाईचं. पोरांना घेऊन दिल्लीला येत आहोत, तुमचं गाव तिथून लांब आहे का? मास्तरांनी उलट टपाली कळवलं, अजिबात नाही, एका झोपेचं अंतर आहे. लोक नंतर ज्याला आंतरराष्ट्रीय युवा कला महोत्सव म्हणू लागले आणि आमच्या घरात ज्याला शेवटपर्यंत 'मेळा' म्हणत, त्याची सुरुवात या एका थापेतून झाली. मास्तर थापा मारायचे. पण त्यांची एकही थाप स्वतःच्या फायद्याची मी ऐकली नाही. माझी गोष्ट वेगळी.

तेव्हा मी छत्तीसचा होतो. मास्तर माझ्या क्वार्टरवर आले. ओळख नुसती तोंडदेखली. म्हणाले, "गणपतराव, परदेशची पोरं नाचायला येऊन राहिली आहेत. मराठी मंडळाच्या पटांगणात मंच पाहिजे. टेबलं बांधून भागणार नाही. मंच हलायला नको." मी म्हटलं, "माझा मंच हलणार नाही. तुमची पोरं हलतील." हे उत्तर त्यांनी पुढे शंभर माणसांना ऐकवलं असेल. मंडला गावाकडचं सागवान आणलं, खाली आधाराला बल्ल्यांच्या घोड्या ठोकल्या, त्यावर फळ्या जोडल्या. फॅक्टरी सुटल्यावर आठ दिवस काम केलं. पैशाची गोष्ट मी काढूच दिली नाही. मग ती पोरं आली. अकरा जणं होती. घमापुर, मदन महल, सदर, मिळून सहा मराठी घरांत ती राहिली आणि सकाळी पोह्यांच्या बशा हातात धरून एकमेकांकडे बघत बसली. पहिल्याच दिवशी, पहिल्याच नाचात, जाड टाचेचे बूट घातलेली एक सतरा वर्षांची पोरगी उंच उडाली आणि खाली आली ती गुडघ्यापर्यंत माझ्या फळीतून आत गेली.

मी मंचाखालीच बसलो होतो, पुढेही माझी जागा तीच असायची. डोक्यावरची फळी फुटून त्या पोरीचा पाय माझ्या नाकासमोर आला. दुसऱ्या कोणी आधी विचारलं असतं, लागलं का. मी बाहेर येऊन ओरडलो, "नाचती है कि कुदाल मारती है?" पोरगी रडायला लागली. तिने मास्तरांकडे पाहिलं, म्हणजे हा माणूस काय म्हणतो ते सांगा. मास्तरांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, आणि तिने डोळे पुसून माझा हात दोन्ही हातांत धरला. मी बुचकळ्यात पडलो. "मास्तर, काय सांगितलं हिला?" तर म्हणाले, "तुम्ही जे बोलले तेच. पायाला लागलं का, असं विचारून राहिले म्हटलं." मी त्यांच्यावर चिडलो सुद्धा. माझे शब्द बदलायचा यांना काय अधिकार? आज कळतं, पंचेचाळीस वर्षं या माणसाने हेच केलं. मी वेडंवाकडं बोलायचो आणि ते जगाला चांगलं करून सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी फळी बसवली. चांगलं लाकूड संपलं होतं. उरलेल्या एका फळीत मधोमध मोठी गाठ होती, वासराच्या डोळ्याएवढी. मनाविरुद्ध ती घातली. मास्तरांनी त्या पोरीला बोलावलं, तिच्या हातात खिळा दिला आणि फळी उलटी धरायला मला सांगितलं. तिला म्हणाले, तू मोडलीस, तू सही कर. तिने गाठीच्या शेजारी, खालच्या अंगाला, आपल्या लिपीत नाव कोरलं. मग बाकीची दहा पोरंही मागे लागली, आम्हालाही खिळा द्या, आणि त्यांनीही त्याच फळीवर नावं कोरली. तिथून रीतच पडली. मेळा संपला की शेवटच्या दिवशी मंच सोडवायचा, फळ्या पालथ्या करून पटांगणात मांडायच्या आणि त्या वर्षी नाचलेल्या, गायलेल्या, वाजवलेल्या प्रत्येक पोराने बसून आपलं नाव कोरायचं. वरून फळी सगळ्यांच्या पायाखालची, खालून नाव. मग त्या फळ्या माझ्या घरी माळ्यावर चढायच्या, पुढच्या वर्षी पुन्हा उतरायच्या, आणि नवीन पोरं जुन्या पोरांच्या नावांवर नाचायची, त्यांना ठाऊक नसताना. मास्तर म्हणायचे, मंडळाचं रजिस्टर कोणी तरी हरवेल, फळ्या हरवणार नाहीत. त्या गणपतरावांकडे आहेत.

सोळा वर्षं मी मंच बांधला. कोणकोण आलं! लंकेचे ढोलवाले आले, त्यांनी माझ्या घोड्यांवरच ताल धरला. जपानची पोरं बाहुल्या घेऊन आली, ती मंचावर चढण्याआधी वाकायची. मला वाटायचं मलाच नमस्कार करतात, म्हणून मी पण मान हलवायचो. मॉरिशसच्या मुली आल्या. त्यांच्यातली एक माझ्याजवळ येऊन चक्क मराठीत म्हणाली, "काका, तू जेवलास?" आपल्याकडे मोठ्या माणसाला असं 'तू' करत नाहीत, पण तिचं ऐकून मंडळाच्या बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. मणिपूरची पोरं आली, केरळची आली, आफ्रिकेतून आली. एक वर्ष हंगेरीचा एक उंच पोरगा आमच्या घरी होता. तो तीन दिवस नुसती केळी खाऊन राहिला आणि चौथ्या दिवशी नलूचा ठेचा चाखून बसला. मग विमानात बरोबर नेतो म्हणून डबा भरून मागितला. नलू अजून सांगते, "माझा ठेचा परदेशात गेला, तुमचा रंधा घमापुरच्या पुढे गेला नाही." त्या सगळ्यांची नावं माझ्या माळ्यावर होती. मला एकही वाचता यायचं नाही. उलट्यासुलट्या रेघा, गोल, काड्या. पण रात्री माळ्याखाली पडल्या पडल्या मला बरं वाटायचं, की दुनियाभरची पोरं आपल्या घरात आहेत.

मग मेळा मोठा झाला. सरकारकडून मदत मिळायला लागली, मोठं मैदान मिळालं, आणि भोपाळहून एका ठेकेदाराचा लोखंडी पाइपांचा मंच यायचं ठरलं. ते मास्तरांनी ठरवलं नव्हतं, वरून ठरलं होतं, हे मला मागाहून कळलं. ते सांगायला घरी येणार होते, पण तापाने पडले. त्याआधी मी मैदानावरून जात असताना टेम्पोतून पाइप उतरताना पाहिले. दोन दिवसांनी मास्तरांनी माझ्यासाठी पास पाठवला. जाड कागदाचा, वर सोनेरी अक्षरं, तिसऱ्या ओळीतली खुर्ची. मला! जो सोळा वर्षं मंचाखाली बसून मेळा पाहत आला, त्याला पास. मी तो चार तुकडे करून बंबात घातला. त्या वर्षी मेळा दहा दिवस चालला आणि भोंग्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. पहिल्या सकाळी आवाज सुरू झाला तसा मी माळ्यावर चढलो, फळ्या खाली घेतल्या आणि रंधा लावला.

रागाच्या भरात झालं असतं तर एक गोष्ट. राग तासाभराने उतरतो. मी फॅक्टरीतून दहा दिवसांची रजा घेतली होती. रोज सकाळी दोन-तीन फळ्या घ्यायच्या, पालथ्या टाकायच्या, आणि नावांवरून रंधा फिरवायचा. नावं खोल होती, एका हाताने जात नव्हती, चार-चार वेळा फिरवावा लागायचा. तिकडे टाळ्या वाजायच्या, इकडे छिलके पडायचे. नलू दारात उभी राहून म्हणाली, "काहून करून राहिले हो हे? पोरांची नावं आहेत ती." मी म्हटलं, "लाकूड माझं आहे." ती म्हणाली, "लाकूड तुमचं आहे, नावं तुमची आहेत का?" मी छिलके पोत्यात भरले आणि ते बंबाला जळण म्हणून वापरले. पुरा महिना. म्हणजे त्या पोरांच्या नावांवर पाणी तापवून मी आंघोळ केली... हे वाक्य मी आजवर तोंडाने बोललो नव्हतो.

एकच फळी वाचली. ती मी वाचवली असं मात्र कोणी समजू नये. गाठवाली फळी शेवटी राहिली होती. तिच्यावर रंधा घातला आणि गाठीने पातं तोडलं. नवीन पातं सदरहून आणावं लागलं असतं आणि मेळाही त्या दिवशी संपला होता. माझा उत्साह गेला. मग त्या फळीची वरची बाजू घासून घेतली आणि खालची तशीच ठेवून तिचा बाक केला. बाकीच्या फळ्यांची कपाटं झाली, देवघराचं दार झालं, एक शेजाऱ्याला दिली.

मास्तर आठ-दहा महिने आले नाहीत. मी गेलो नाही. माझ्या डोक्यात एकच, चूक त्यांची, यायचं त्यांनी. आणि एका रविवारी तेच आले. हातात खोव्याच्या जिलेबीचा पुडा. "गणपतराव, मंच हलला या वेळी," म्हणाले. "तिसऱ्या ओळीत बसून मला दिसत होतं. तुमची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी तिच्यावर बसलो." मी हसलो नाही, पण जिलेबी घेतली. ते बाकावर बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा हात फळीखाली गेला. त्यांची ती सवयच होती, कुठेही बसले की खालून बोटं फिरवायचे, वर्गातल्या डेस्कखाली पोरं काय चिकटवतात ते पाहायची जुनी खोड. तिथे त्यांची बोटं थांबली की नाही, मी पाहिलं नाही. मी जिलेबी खात होतो.

पुढची वर्षं अशीच गेली. मेळा चालला, मग मदत आटली, मंडळाची कमिटी दोनदा बदलली, रजिस्टरं एका माणसाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाता जाता कुठे गेली कोणास ठाऊक. शेवटी ती बिमारीची वर्षं आली आणि मेळा थांबला तो थांबलाच. मास्तर थकले होते, तरी त्यांनी वही लिहायला घेतली. म्हणाले, इतिहास लिहून ठेवतो, नाही तर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही की जबलपुरात असं काही होत होतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी ते मोबाइल नाचवतच आले. त्या बल्गेरियाच्या पोरीने, म्हणजे आता आजी झालेल्या बाईने, मीनलच्या मदतीने त्यांना शोधून काढलं होतं. तिने लिहिलं होतं, माझं नाव अजून त्या फळीखाली आहे का? असेल तर नातीला घेऊन येईन आणि दाखवीन. मास्तरांचा बारीक आवाज त्या दिवशी रस्त्यावर ऐकू जात होता. "गणपतराव, फळ्या उतरवा. पहिल्या सोळा वर्षांची यादी दुसरीकडे कुठेच नाही. सगळी नावं उतरवून घेऊ. हवं तर दोन पोरं लावतो मदतीला."

मी म्हटलं, "फळ्या नाहीत. वाळवी लागली."

"वाळवी?"

"हो जी. पावसाळ्यात माळा गळत होता. कळेपर्यंत भुसा झाला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांचा हात बाकाखाली होता. आत नलूच्या हातून भांडं पडल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "अच्छा... वाळवी. सागवानाला सहसा लागत नाही." मी म्हटलं, "लागते कधी कधी." चौथी शिकलेला असेन, पण लाकडाबद्दल माझ्याशी वाद घालणारा माणूस या गावात जन्मला नाही, आणि तो माज मी त्या दिवशी खोटं बोलायला वापरला. मास्तरांनी चहा संपवला. जाताना म्हणाले, "मग त्या बाईला तसं कळवतो." आणि मी त्यांना कळवू दिलं. खाली वाकून बाक उलटा करायचा, एवढंच काम होतं. तिचं नाव मास्तरांच्या बुडाखाली होतं. पण मग बाकीच्या फळ्या कुठे गेल्या हे पण सांगावं लागलं असतं. त्यानंतरचे दीडशेच्या वर रविवार ते आले, त्याच बाकावर बसले, आणि दर रविवारी मी ठरवायचो, आज सांगतो. मग ते पेपर उघडायचे.

नर्मदेवर ग्वारीघाटाला त्यांना पोचवून आलो. नंतर मंडळात शोकसभा झाली. मला नको नको म्हणताना पुढे बसवलं. एकाने भाषणात सांगितलं की ज्यांच्या मंचावर हा महोत्सव उभा राहिला ते गणपतकाका आज आपल्यात आहेत, त्यांच्या फळ्यांवर जगभरच्या मुलांनी आपली नावं कोरली होती, दुर्दैवाने त्या वाळवीने नेल्या. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी हात जोडले. मान वर केली नाही तर लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी, दुपारी, मीनल आली. हातात मास्तरांची वही. बाकावर बसायला गेली, मग तिच्या काय मनात आलं, बसली नाही, पायरीवर टेकली. म्हणाली, "काका, बाबांचं काम पूर्ण करायचंय. मंडळवाले पुस्तक छापायला तयार आहेत. बाबा हमेशा कहते थे, छापण्याआधी गणपतरावांना दाखव. उनको सब मालूम है. तुम्ही एकदा बघून घ्या ना. काही चुकलं असेल, राहिलं असेल, तर तिथेच लिहा." मी म्हटलं, "मी काय लिहिणार, बेटा?" ती म्हणाली, "पेन्सिलीने लिहा. बाबा भी पेन्सिल से ही लिखते थे." दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाते म्हणाली.

ती गेल्यावर मी अंगणातच वही उघडली. मास्तरांचं अक्षर चित्रासारखं, मलाही वाचता येईल असं. बोट ठेवून वाचत गेलो. पहिलं पत्र, एका झोपेचं अंतर, अकरा पोरं, पोह्यांच्या बशा, सगळं होतं. 'गणपतराव म्हणाले, माझा मंच हलणार नाही' हेही होतं. फळी मोडली तिथे लिहिलं होतं, 'गणपतरावांनी आधी त्या मुलीच्या पायाची चौकशी केली.' पुढे भोपाळचा मंच आला, त्या पानावर माझ्या पासाचा उल्लेख नाही, रुसण्याचा नाही. आणि मग ते वाक्य. 'पहिल्या सोळा वर्षांतील कलाकारांची नावे असलेल्या फळ्या वाळवीने खाल्ल्या. त्यामुळे ती यादी देता येत नाही.' त्याच्या खाली अर्धं पान कोरं.

पान उलटलं तर आतून एक घडी घातलेला मोठा कागद पडला. चित्रकलेचा. उघडला. सगळा कागद पेन्सिलीने काळा केलेला, आणि त्या काळ्यात पांढऱ्या रेघा. मास्तर लहान पोरांना शिकवायचे तसं, नाणं कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासायची की नाण्याचं चित्र उमटतं. त्या पांढऱ्या रेघा म्हणजे अक्षरं होती. मला वाचता येईनात. पण त्यांच्या मधोमध एक गाठ उमटली होती, वासराच्या डोळ्याएवढी, आणि तिच्या काठावर माझ्या तुटलेल्या पात्याचा ओरखडा. अक्षरं मी कधीच वाचू शकलो नसतो. ती गाठ मात्र मी अंधारातही ओळखली असती.

मी नलूला हाक मारली. ती आली, कागद पाहिला, आणि तिला नवल वाटलं नाही. पदराने हात पुसत म्हणाली, "दोन वर्षं झाली. तुम्ही पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते ना, त्या दिवशी. मीच बाक आडवा करायला हात लावला. मास्तरांना एकट्याला कुठे उचलत होता?"

"आणि मला सांगितलं नाही?"

"त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, वहिनी, गणपतरावांना कळू देऊ नका, त्यांना लागेल." मग म्हणाली, "बाकीच्यांचं काय झालं ते पण त्यांनी विचारलं. मी बंबाकडे बोट दाखवलं. मला खोटं बोलता येत नाही तुमच्यासारखं."

म्हणजे दोन वर्षं त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. बंबासकट. शंभर रविवार तो माझ्यासमोर बसला, मला बातम्या वाचून दाखवल्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. अकरा नावं त्याच्या हाती लागली होती. ती छापली असती तर त्याचा इतिहास अकरा नावांनी खरा झाला असता आणि ती बाई नातीला घेऊन आली असती. पण मग लोकांनी विचारलं असतं, ही फळी आहे तर बाकीच्या कुठे? म्हणून त्याने अर्धं पान कोरं ठेवलं. आयुष्यभराचं काम त्याने माझ्यासाठी खोटं लिहिलं. आणि मी त्याच्या मरणाची बातमी ऐकून मनात म्हटलं होतं, सुटलो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नलूनेही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आंघोळ केली, अंगणात गेलो आणि बाक उलटा केला. एकट्याने. कंबरेतून कळ गेली, पण नलूला हाक मारली नाही. खाली कोळ्यांची जाळी होती, ती काढली, ओल्या फडक्याने फळी पुसली. उन्हात नावं वर आली. अकरा. एकोणतीस वर्षांत मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. गाठीच्या शेजारचं नाव सगळ्यांत खोल आहे, पोरगी दाबून कोरत होती, खिळा दोनदा सटकला होता, ते पण दिसतं. मग कानावरची सुताराची पेन्सिल काढली, वहीतलं ते पान उघडलं आणि 'वाळवीने' या शब्दावर पट्टी लावून रेघ मारली. वर लिहिलं, 'गणपतने. रंध्याने.' खाली कोऱ्या जागेत मास्तरांचा तो कागद ठेवला, खळीने चिकटवला. मीनल यायची वाट पाहिली नाही. हातगाडीवाल्या भैयाला बोलावलं, बाक तसाच उलटा, नावं वर, गाडीवर ठेवला आणि वही काखेत घेऊन गाडीमागे चालत मास्तरांच्या घरी गेलो. मीनलने दार उघडलं. तिथेच उभ्याने ते पान वाचलं, गाडीवरच्या फळीकडे पाहिलं, पुन्हा पान वाचलं. "काका, ये क्या लिखा है? असं कसं छापू मी? लोग क्या कहेंगे तुम्हाला?"

तिला पण बापासारखं माझं बोलणं बदलायचं होतं.

"बरोबर लिहिलं आहे," मी म्हटलं. "एक अक्षर बदलायचं नाही. तसंच छाप. आणि त्या बाईला कळव, तिचं नाव आहे."